'सी' ग्रेडचा उन्हाळा

दिल्लीच्या बाजूला लू आणि निकाल एकाच सुमाराला येतात. लू, म्हणजे भाजून काढणारा कोरडा वारा, खिडक्यांच्या फटींतून आत शिरते आणि निकाल दारावरची बेल वाजवून. मे महिन्यात आमच्या गुरुग्रामच्या सोसायटीत लिफ्टभर काजूकतलीचा वास असतो. कुणाच्या तरी नातवाला शहाण्णव टक्के, कुणाच्या नातीला अठ्ठ्याण्णव. डबा पुढे करणारी आजी आधी टक्के सांगते, मग मुलाचं नाव. मी तुकडा उचलते, "बधाई हो" म्हणते, दार लावते आणि तो तुकडा ओट्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकते. त्या मुलांवर माझा राग नाही. पण माणसाला आकडा किंवा अक्षर चिकटवून ते घरोघर मिरवण्याचा हा मोसम मला सहन होत नाही.

इथल्या उन्हाळ्याचं कौतुक करणारे लोकही मला भेटतात. दिल्लीच्या रुंद रस्त्यांवर बहावा कसा पिवळाधमक फुलतो, फालशाचं सरबत, खसच्या ताट्यांचा ओला वास, रात्री गच्चीवर झोपणं. ऐकून घेते. मला आठवण आहे ती दातांत कचकचणाऱ्या वाळूची, आणि चटका बसेल इतक्या तापलेल्या मोटारीच्या दाराची. आणि एका थंडगार खोलीची, जिथे मी पाठीवर झोपले होते आणि माझ्या डोक्यावरून लोक एकमेकांशी बोलत होते.

तेव्हा गुरुग्रामला गुडगावच म्हणत. आम्ही दिल्लीत सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. माझा नवरा प्रमोद मूळचा नाशिकचा, परीक्षा देऊन केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात लागला आणि इथेच मुरला. मी गुडगावला विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या एका नव्या कंपनीत अकाउंट्स बघायचे. सकाळी चार्टर्ड बस क्वार्टरच्या नाक्यावरून उचलायची. हायवेच्या दोन्ही अंगांना खणलेली माती, क्रेन, आणि शेतातून एकदम उगवलेल्या काचेच्या इमारती. काचेला अजून निळा कागद चिकटलेला असायचा. खाली म्हशी बसलेल्या असायच्या. मोठ्या मोठ्या पाट्यांवर हिरवळीवर धावणारी गोरी कुटुंबं, आई, बाप, एक मुलगा, एक मुलगी आणि कुत्रा. सगळ्या देशाला त्या वर्षांत काहीतरी नवं होण्याची घाई झाली होती. आम्हालाही. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मी पस्तिशी ओलांडली होती आणि दोन्हीकडच्या नातेवाइकांनी मुलाबद्दल विचारायचं सोडून दिलं होतं. विचारण्यापेक्षा ते वाईट असतं.

क्लिनिक माझ्या ऑफिसपासून जवळच होतं, अशाच एका काचेच्या इमारतीत. बाहेर रस्ता नव्हता, फळ्या टाकलेल्या होत्या. आत गेलं की एसी, माशांची टाकी, प्लास्टिकची ऑर्किड आणि भिंतभर बाळांचे फोटो. सगळी परदेशी, गुलाबी, निळ्या डोळ्यांची. मी तिथे इतक्या वेळा ताटकळत बसले की ती भिंत मला पाठ झाली. एकही सावळं बाळ नव्हतं. तिथल्या डॉक्टर मॅडम परदेशात शिकून आलेल्या होत्या. बोलायला गोड. "हम आपको मम्मी बनाएँगे," असं त्या म्हणायच्या, गॅसचं कनेक्शन देतो म्हणावं तसं. मी त्यांच्या टेबलावरच्या काचेच्या हत्तीकडे बघत राहायचे.

पोटात घ्यायची इंजेक्शनं प्रमोद घरी द्यायचा. हे मला सांगायलाच हवं, कारण पुढे मी त्याच्याबद्दल जे सांगणार आहे ते चांगलं नाही. ऑफिसला जायच्या आधी तो हात धुऊन, चष्मा लावून माझ्यासमोर गुडघे टेकून बसायचा. स्पिरिटचा बोळा फिरवायचा. सुई टोचताना तो श्वास धरून ठेवायचा. मग सुई बाहेर काढली की माझ्याआधी तोच "हुश्श" म्हणायचा. पोटावर हिरवेनिळे डाग पडले होते. तो ते रोज बघायचा.

त्याचंही ते वर्ष वाईट होतं. नव्या साहेबाने त्याच्या गोपनीय अहवालात 'व्हेरी गुड'च्या जागी नुसतं 'गुड' लिहिलं होतं. त्या एका शब्दापायी बढती हुकली. गोपनीय म्हणायचं, पण तो शेरा सगळ्या मजल्याला माहीत होता, चहावाल्यासकट. प्रमोद घरी येऊन कूलरसमोर बसायचा आणि म्हणायचा, "गुड म्हणजे काय गं? चांगलंच ना? चांगलं असणं म्हणजे नापास होणं, असं कुठल्या भाषेत असतं?"

मग तो शुक्रवार आला. माझी स्त्रीबीजं आधीच काढून झाली होती, काचेच्या बशीत प्रमोदच्या शुक्राणूंशी त्यांची गाठ घालून झाली होती आणि त्यातून चार भ्रूण तयार झाले होते. त्यांतले काही आज माझ्या पोटात ठेवायचे होते. मी टेबलावर, पाय वर बांधलेले, अंगावर हिरवी चादर. प्रमोद बाहेर. डॉक्टर मॅडमनी एक पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर फिकट करड्या रंगाचे गोल दिसले, साबणाच्या फुग्यात आणखी फुगे भरावेत तसे.

"ये देखिए, नीलाजी. एट सेल. सब बराबर, एकदम साफ. ब्यूटीफुल! ए ग्रेड. ये दूसरा भी ए. ये दो आज डालेंगे."

"और बाकी के?"

पडद्यावर तिसरा आणि चौथा आला. मला काही फरक दिसेना. मॅडमनी पेनाने दाखवलं. पेशी लहानमोठ्या होत्या. मधे मधे बारीक ठिपके, फुटक्या पेशींचे तुकडे.

"ये दोनों सी हैं. बीच में देखिए कितना कचरा है. इनको छोड़िए."

कचरा. माझ्या शरीरातून निघालेल्या गोष्टीला, मी तिथे पाय बांधून पडलेली असताना, त्या बाईने तो शब्द वापरला. नंतर मला कळलं की तुकड्यांना तिथे असंच म्हणायची सवय आहे, त्यात वाईट हेतू नसतो. असेल. मला त्याने फरक पडत नाही.

"इन्हें फ्रीज कर दीजिए," मी म्हणाले.

"बाद में देखते हैं. अभी आप रिलैक्स कीजिए."

"नहीं. फ्रीज कर दीजिए."

त्यांनी माझा गाल थोपटला.

त्या खोलीच्या भिंतीत एक छोटी खिडकी होती, पलीकडे लॅब. तिथून मास्क लावलेली एक मुलगी बारीक नळी घेऊन आली आणि माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "ताई, आता अजिबात हलू नका. झालंच." मराठीत! मला एवढं आश्चर्य वाटलं की मी खरंच हलले नाही. नंतर ती मला भेटायला आली. नसरीन शेख, अकोल्याची. भ्रूणतज्ज्ञ म्हणून वर्षभरापूर्वी इथे लागलेली. माझा मराठी आडनावाचा कागद बघून तिला घरचं कुणी आल्यासारखं वाटलं होतं. "इथं मराठी बोलायला मिळतच नाही हो," ती म्हणाली. मी तिला म्हटलं, "ते दोन गोठवायला सांगितलेत मी." ती म्हणाली, "हो, मी ऐकलं."

पुढचे काही दिवस मी घरी पडून होते. प्रमोदने रजा टाकली होती. रविवारी सकाळी तो माझ्या पलंगाशी बसून आंबा कापत होता. घरात वीज नव्हती, तो मधेच थांबून मला पेपरने वारा घालायचा आणि परत फोडी करायचा. त्याचा मोबाइल वाजला. नंबर बघून तो उठला आणि बाल्कनीत गेला. सुरी हातात तशीच. मला काचेतून त्याची पाठ दिसत होती. फार वेळ बोलला नाही. परत येऊन बसला आणि आंबा सोलायला लागला.

"कुणाचा?"

"ऑफिसचा."

"रविवारी?"

"पार्लमेंट क्वेश्चन आहे. उद्या उत्तर द्यायचंय."

अधिवेशन चालू होतं, असे फोन यायचे. मी फोड खाल्ली. गोड होती.

राहिलं नाही. रक्ताची तपासणी झाली आणि डॉक्टर मॅडमनी आम्हाला बोलावून सांगितलं की दोन्ही 'ए' रुजले नाहीत. "बैड लक. एम्ब्रियो तो एकदम टॉप क्वालिटी थे." मला रडू आलं नाही. मी आधीच पुढचं ठरवून गेले होते.

"मग ते दोन वापरू या," मी हिंदीत म्हणाले. "जे गोठवलेत."

"कौन से दो?"

"सी वाले."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं नाही. प्रमोदकडे बघितलं. मग म्हणाल्या, "वो तो डिस्कार्ड हो गए, नीलाजी. आपके हस्बैंड से उसी दिन बात हो गई थी. हम रेकमेंड ही नहीं करते."

तेव्हा या सगळ्या कारभाराला धड कायदा नव्हता. नवऱ्याला विचारलं म्हणजे विचारलं. मी खुर्चीतून उठले. प्रमोद माझ्यामागे आला. इमारतीबाहेर आंधी सुटली होती, आकाश विटकरी झालं होतं आणि फळ्यांवरून चालताना डोळ्यांत माती जात होती. आम्ही आमच्या जुन्या मारुतीत बसलो. काचा वर. आत भट्टी. हायवेवर पुढचं काही दिसत नव्हतं, सगळ्या गाड्या दिवे लावून उभ्या होत्या.

तो म्हणाला, "अगं, सी होते ते. टिकलेच नसते. मॅडम म्हणाल्या, गोठवताना आणि परत वितळवताना चांगले चांगले मरतात."

मी म्हणाले, "तुझ्या साहेबाने 'गुड' लिहिलं, म्हणून तुला कुणी सिंकमध्ये ओतलं का?"

त्याने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. गाडी तशीच उभी. माती काचेवर आपटत राहिली. घरी गेलो. मी कुकर लावला.

काही दिवसांनी, जेवणाच्या सुट्टीत, मी एकटी नसरीनकडे गेले. मला कळून घ्यायचं होतं. कशापासून मला वंचित केलं, हे मला नीट, आतबाहेर समजून घ्यायचं होतं. तिने मला टोपी आणि चपला दिल्या आणि लॅबच्या बाहेरच्या खोलीत नेलं. कोपऱ्यात स्टीलची टाकी होती, दूधवाल्याच्या मोठ्या कॅनसारखी. तिने झाकण उचललं. पांढरी वाफ काठावरून खाली सांडली आणि फरशीवर विरली. बाहेर लूमध्ये पक्षी झाडांवरून पडत होते आणि इथे बर्फाच्याही किती तरी खालची थंडी.

"वीज गेली की?" मी विचारलं. गुडगावात तेव्हा दिवसातून किती वेळा जायची.

"याला वीज लागत नाही, ताई. द्रवरूप नायट्रोजन आहे. फक्त तो कमी झाला की भरत राहायचा. वर्षानुवर्षं राहतं आत."

तिने मला सांगितलं, पेशीत पाणी असतं. नुसतं थंड केलं तर त्या पाण्याच्या बर्फाच्या सुया होतात आणि पेशी आतून फाटते. म्हणून आधी पाणी काढून त्या जागी एक द्राव भरायचा आणि मग सावकाश गोठवायचं. मी विचारलं, आणि ग्रेड? ती जरा हसली. "ते दिसण्यावर असतं. सूक्ष्मदर्शकातून बघायचं, पेशी सारख्या आहेत का, स्वच्छ आहे का. मुलगी बघायला येतात ना, तसं. अंदाज बांधता येतो. चांगल्या दिसणाऱ्यांचं बहुतेक वेळा चांगलं होतं, हे खरंच आहे. पण आत काय आहे, ते बघून कळत नाही."

मला माझ्या माहेरची बैठकीची खोली आठवली. पोह्यांच्या बशा, आणि माझ्या दातांकडे बघणारी एक बाई.

"कसे टाकले ते दोन?" मी विचारलं.

नसरीनने झाकण लावलं. बराच वेळ ते झाकण नीट बसवत राहिली.

"शुक्रवारी नाही टाकले मी," ती म्हणाली. "सी असले तरी एक-दोन दिवस मी ठेवते इन्क्युबेटरमध्ये. बघते. एक शनिवारीच थांबला. दुसरा… ताई, तुम्हाला माहीत आहे ना?"

"काय?"

"दुसरा वाढत होता. रविवारी सकाळी मी बघितलं तर त्याच्या मधे पोकळी धरली होती, कडेने पेशींचा थर, आत एका बाजूला घट्ट पुंजका. ते तुकडे त्याने बाजूला सारले होते. असं होतं कधी कधी. इतका छान दिसत होता की मी मॅडमना घरी फोन केला. म्हटलं, आता हा गोठवू या. त्या हो म्हणाल्या, पण विचारून घेते म्हणाल्या. मग त्यांनी तुमच्या मिस्टरांना फोन केला."

"आणि?"

"मिस्टर नको म्हणाले." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला वाटलं, तुम्ही दोघांनी मिळून ठरवलं असेल."

मी तिला दोष दिला नाही. ती पुढे लवकरच नागपूरला गेली, असं कळलं. बाहेर पडून मी फळ्यांवर उभी राहिले. ऊन इतकं होतं की समोरची इमारत हलत होती. मला प्रमोदची सुरी आठवली, रस लागलेली, बाल्कनीत.

मी त्या भ्रूणाला बाळ म्हणत नाही. तेव्हाही म्हटलं नाही. एखाद्या गोलाला नाव ठेवून त्याच्यासाठी रडणाऱ्यांतली मी नाही. तो गोठवला असता तर कदाचित वितळताना मेला असता, कदाचित पहिल्या दोघांसारखाच रुजला नसता. हे सगळं मला कळतं, कुणी समजावून सांगायला नको. पण तो माझा होता. मी टेबलावरून, पाय बांधलेले असताना, दोनदा सांगितलं होतं. आणि त्याने मात्र कचऱ्यातून वाट काढून, कुणी सांगितलेलं नसताना, आपलं काम चालू ठेवलं होतं.

प्रमोदला मी काही विचारलं नाही. मला कळलंय हेही सांगितलं नाही. मी ठरवलं, हा स्वतः सांगेल. सांगायलाच हवं त्याने. त्या उन्हाळ्याच्या अखेरीला सांगेल, दिवाळीत सांगेल, हिवाळ्यात धुकं पडल्यावर रजईत सांगेल. हिवाळ्यात तो म्हणाला, "अजून एकदा करायचं का?" मी म्हणाले, "नको." त्याच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती मी अजून विसरलेले नाही.

मग वर्षं गेली. काही वाईट गेली नाहीत. कंपनी वाढली, मीही तिच्यात वाढले. त्याला बढती मिळाली, उशिरा. आम्ही याच गुडगावात फ्लॅट घेतला, मेट्रो आली, म्हशी गेल्या. प्रवास केले, आजारपणं काढली, एकमेकांच्या आयांना शेवटपर्यंत सांभाळलं. आम्हाला बघून लोक म्हणायचे, किती छान जोडी. आणि दर मे महिन्यात, लू सुरू झाली की, मी वाट बघायला लागायचे. जेवताना, गाडीत, पेपर वाचताना. आज सांगेल. तो शब्दकोडं सोडवायचा.

या मे महिन्यात पुण्याहून केतकीचा फोन आला. केतकी प्रमोदची पुतणी, लग्नाला पाच-सहा वर्षं झालेली. तिचे तेच उपचार चालू होते. मी स्वयंपाकघरात पोळ्या करत होते, म्हणून फोन त्याने घेतला आणि तिचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून स्पीकरवर ठेवला. दुपारची वेळ. एसी बिघडला होता, म्हणून सगळी दारं-खिडक्या सताड उघडी.

"काका, पाच झालेत," केतकी सांगत होती. "चार एकदम मस्त आहेत म्हणे. पाचवा जरा लो ग्रेड आहे. डॉक्टर विचारताहेत, फ्रीज करायचा का सोडून द्यायचा. आम्हाला काही कळेना. काकूला विचारू म्हटलं."

मी गॅस बंद केला.

"ठेव," प्रमोद म्हणाला. "तोही ठेव."

"पण ते म्हणतात, चान्स फार कमी…"

"म्हणू दे. कुणाचं ऐकू नकोस. तुझा आहे ना? मग ठेव." त्याचा आवाज फाटला. "बेटा, ठेव तो."

तिने थँक्यू काका म्हटलं आणि फोन ठेवला. मी पिठाच्या हातांनी दारात उभी होते. त्याने मला बघितलं. माझा चेहरा कसा होता मला माहीत नाही, पण तो उभा राहिला.

"नीला," तो म्हणाला. "तुला एक सांगायचं राहिलंय. तेव्हा, रविवारी, क्लिनिकमधून फोन आला होता. त्यातला एक…"

"वाढत होता," मी म्हणाले.

त्याने खुर्चीची पाठ धरली.

"तुला कधी कळलं?"

"त्याच उन्हाळ्यात."

"मग इतकी वर्षं… बोलली का नाहीस?"

"तू बोलतोस का, ते बघत होते."

तो खाली बसला. "तुला परत त्या टेबलावर बघवलं नसतं मला," तो म्हणाला. "तुझं पोट बघितलं होतंस तू? मला वाटलं, आता संपू दे. आशा नको, काही नको. मी फोनवर नको म्हणालो आणि मला बरं वाटलं, नीला. खरं सांगतो. खूप बरं वाटलं."

"तुला बरं वाटलं!"

मला वाटलं होतं, तो सांगेल तेव्हा मी शांतपणे ऐकून घेईन. इतक्या वर्षांत मी ते कितीदा मनात ऐकलं होतं. पण माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो माझाच मला ओळखू आला नाही. माझं पोट होतं ते, मी ओरडले. डाग माझे होते. संपवायचं की नाही ते मी ठरवणार होते, तू कोण? आंबा कापत बसलास! माझ्या तोंडात फोड घातलीस! समोरच्या टॉवरमध्ये कुणीतरी बाल्कनीत आलं. खाली सोसायटीचा गार्ड मान वर करून बघायला लागला. आम्ही घराबाहेर कायम हिंदीत बोलणारी, हसतमुख, सभ्य माणसं. मी खिडकी लावली नाही. गरम वारा सरळ घरातून वाहत होता, मेजावरचे कागद उडत होते, आणि मी शुद्ध मराठीत नवऱ्याला शिव्या देत होते.

मधेच मी दम घ्यायला थांबले. प्रमोदचा शर्ट घामाने अंगाला चिकटला होता, चष्मा हातात होता. तो रडत होता आणि ते लपवत नव्हता.

"बोल," तो म्हणाला. "अजून बोल."

मी पिठाचे हात पदराला पुसले, त्याच्यासमोर खुर्ची ओढली आणि बसले. माझ्याकडे बोलायला अजून खूप होतं.